पेंचच्या जंगलाचा रोजचा खर्च

आपल्या नागपूर जिल्ह्यात पेंचचे जंगल आहे. १९७५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले व १९९९ साली व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ आपली शिकार आपणच करतो, मग जंगलाला पैसा कशाला लागतो, असे मला वाटायचे.

माझे मामा जंगलात मजुरीला जातात. त्यांना विचारून मी यादी केली.

१. उन्हाळ्यात पाणवठ्यात पाणी सोडणे.
२. जाळरेषा साफ करणे, आगीवर पाळत ठेवणे.
३. वनरक्षकांचा पगार, बूट, बॅटरी, गाडीचे डिझेल.

ह्या रोजच्या खर्चात केंद्र सरकार व राज्य सरकार यांचा निम्मा-निम्मा वाटा असतो. पर्यटकांच्या तिकिटाचे पैसेही जंगलाच्या व जवळच्या गावांच्या कामी येतात.

मामा म्हणाले, "एक आग लागली की सारा खर्च पाण्यात."

मोहफुले वेचायला आमची आई झाडाखालचा पाला जाळायची. मी म्हटलं, "आई, पाला पेटवू नको ना." आई म्हणाली, "मोहफुलं विकूनच तुझ्या वह्या येतात. झाडत बसलं तर उशीर होते." मग मी पण खराटा घेतला. यंदा आम्ही झाडूनच मोहफुले वेचली. वह्या पण आल्या. पालकहो, तुम्हीपण असेच करा.

— इयत्ता ४ थी