अलार्म वाजला, उठणार कोण?

दुकान बंद करून व्यापारी घरी जातो तेव्हा त्याचा माल कुलपाच्या हवाली असतो. आता कुलपाच्या जोडीला अलार्म आला आहे. बँका आणि शहरांतील सराफांकडे तो पूर्वीपासून होता. आता तालुक्याच्या बाजारपेठांत आणि खेड्यांतील कापड, भांडी, मोबाईल यांच्या दुकानांतही दिसू लागला आहे. यंत्र विकणारे पुष्कळ आहेत, परंतु ते सांभाळावे कसे हे सांगणारे थोडे. आमच्या कारागीर व व्यापारी बांधवांसाठी आज हाच विषय घेत आहोत. आरंभ आमच्या स्वतःच्या चुकीपासून करणे बरे.

आमची गफलत

म्हसावद हे नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील गाव, सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा–धडगाव रस्त्यावर. आमचे कापडाचे दुकान येथेच आहे. माल सुरतहून येतो, गिऱ्हाईक आसपासच्या गावांतून आणि डोंगरातील पाड्यांवरून येते. होळीच्या आधीचा भोंगऱ्या बाजार आणि लग्नसराई हे आमचे कमाईचे दिवस.

काही वर्षांपूर्वी आम्ही दुकानात अलार्म बसवला. शटर हलले किंवा आत कोणी फिरले की सायरन वाजावा आणि यंत्रातील सिमवरून आमच्या मोबाईलवर फोन यावा, अशी योजना होती. पहिल्याच महिन्यात तो रात्री-अपरात्री अनेकदा विनाकारण वाजला. शेजाऱ्यांची झोपमोड झाली, आम्ही माफी मागितली आणि विषय सोडून दिला. कारण शोधले नाही. पुढे यंत्रातील सिमचा रिचार्ज संपला, तेही लक्षात राहिले नाही.

लग्नसराईत एका रात्री चोरांनी शटर एका कोपऱ्यातून उचकटले. सायरन वाजला. आमचा मोबाईल मात्र शांत राहिला, कारण सिम बंद होते. सकाळी शेजारचा दुकानदार म्हणाला, "चाचा, आवाज तर ऐकला होता, पण वाटलं तुमचं नेहमीचंच आहे." नुकसानीपेक्षा हे वाक्य आम्हाला जड गेले. गेलेल्या मालात दोन घरांचे लग्नाचे बस्ते होते. पैसे घेऊन, बांधून, नावे लिहून ठेवलेले. एका घरी चार दिवसांवर निकाह होता. त्याच दिवशी सुरत गाठून आम्ही बस्ते पुन्हा भरून दिले. पैशाचे नुकसान भरून निघाले, पण त्या मुलीच्या वडिलांना खबर देताना जी शरम वाटली ती आजही आठवते.

यंत्र खोटे नव्हते. यंत्रामागची माणसांची व्यवस्था आम्ही केलीच नव्हती. या लेखाचा सारा सबक एवढाच आहे.

हे यंत्र काय करते?

अलार्मचे चार भाग समजून घ्यावेत. पहिला भाग म्हणजे सेन्सर. दाराला व शटरला चुंबकाचा सेन्सर असतो. चुंबक दूर गेला की तो इशारा देतो. आतल्या जागेसाठी उष्णता ओळखणारा सेन्सर असतो. माणसाच्या अंगाची उष्णता खोलीत सरकताना त्याला कळते. दुसरा भाग पॅनल, म्हणजे यंत्राचा मेंदू. तिसरा सायरन. चौथा भाग बाहेर खबर देणारा: सिम, इंटरनेट किंवा टेलिफोनची तार.

या चौथ्या भागावरून अलार्मचे तीन दर्जे होतात. नुसता सायरन वाजवणारा, मालकाच्या मोबाईलवर खबर देणारा, आणि देखरेखीचा अलार्म. देखरेखीच्या अलार्ममध्ये खबर कंपनीच्या केंद्रात जाते. तेथे रात्रंदिवस माणूस बसलेला असतो. तो आधी मालकाला फोन करतो, परवलीचा शब्द विचारतो, उत्तर न मिळाल्यास यादीतील पुढच्या माणसाला आणि गरजेप्रमाणे पोलिसांना कळवतो.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत ऑगस्टस पोप यांनी १८५३ मध्ये विजेच्या चोरघंटीचे पेटंट घेतले. ते हक्क विकत घेऊन एडविन होम्स यांनी १८५८ मध्ये बोस्टनला हा धंदा सुरू केला. पुढे त्यांनी घरे व दुकाने तारांनी एका मध्यवर्ती कचेरीशी जोडली. घंटी कचेरीत वाजे आणि तेथील माणूस हालचाल करी. १८७७ मध्ये याच तारांवर बोस्टनमध्ये टेलिफोनही जोडून पाहण्यात आले. म्हणजे या धंद्यात घंटीबरोबर ती ऐकणारा माणूसही पूर्वीपासून आहे. आम्ही फक्त घंटी विकत घेतली होती.

खोटा अलार्म हा खरा शत्रू

अमेरिकेतील शहरांत पोलिसांकडे येणाऱ्या अलार्मच्या खबरींपैकी शंभरात नव्वदाहून अधिक खोट्या निघत. अखेर सॉल्ट लेक सिटी या शहराने २००० साली नियम केला की कोणी प्रत्यक्ष खात्री केल्याखेरीज चोरीच्या अलार्मवर पोलीस जाणार नाहीत. जे तेथील पोलिसांचे झाले तेच आमच्या शेजाऱ्याचे झाले. खोट्याला कंटाळलेला माणूस खऱ्यालाही उठत नाही.

खोट्या अलार्मची कारणे साधी असतात. सेन्सरच्या तोंडावर जाळे धरलेले असते, पाल फिरते, उंदीर किंवा मांजर आत शिरते, पंखा चालू राहतो, लटकवलेल्या ओढण्या व साड्या वाऱ्याने हलतात, शटर सैल असल्याने वाऱ्याने थडथडते. म्हणून उष्णतेचा सेन्सर खिडकी, पंखा आणि लटकत्या मालापासून दूर लावावा. शटरची पट्टी घट्ट करून घ्यावी. अलार्म वाजल्याची तारीख, वेळ आणि कारण एका वहीत लिहावे. आम्ही उशिरा वही सुरू केली, तेव्हा कळले की बहुतेक अलार्म वाऱ्याच्या रात्रीचे होते. दोष शटरचा होता.

खानदेशच्या उन्हाळ्याची एक गोष्ट मुद्दाम सांगतो. उष्णतेचा सेन्सर माणूस आणि खोली यांच्या उष्णतेतील फरक ओळखतो. मे महिन्यात पत्र्याखालचे बंद दुकान रात्रीही इतके तापलेले असते की हा फरक फार कमी होतो आणि सेन्सर मंद पडतो. अशा जागी केवळ त्याच्यावर विसंबू नये. शटर, मागचे दार आणि पत्र्याखालची खिडकी यांना चुंबकाचे सेन्सर अवश्य लावावेत. उष्णता आणि सूक्ष्म लहरी अशा दोन्ही रीतींनी पारख करणारे सेन्सरही मिळतात.

सिम, बॅटरी आणि दर हप्त्याची चाचणी

१. पॅनल कोणत्या नेटवर्कवर चालते ते घेण्यापूर्वी विचारावे. स्वस्त पॅनले पुष्कळदा २जीवर चालतात. जिओचे जाळे ४जी व ५जीचे असल्याने त्यांचे सिम अशा पॅनलमध्ये चालत नाही.

२. प्रीपेड सिम बराच काळ न वापरल्यास बंद होऊ शकते. रिचार्जची शेवटची तारीख दुकानाच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी आणि सिम मालकाच्या नावावरच घ्यावे.

३. लोडशेडिंगच्या वेळी पॅनल आतल्या बॅटरीवर चालते. बॅटरी काही वर्षांत कमजोर होते. महिन्यातून एकदा वीज बंद करून यंत्र किती वेळ टिकते ते पाहावे.

४. दर हप्त्याला, शक्यतो एकाच दिवशी, अलार्म मुद्दाम वाजवून पाहावा. सायरन वाजला का, फोन आला का, हे दोन्ही तपासावे. शेजाऱ्यांना आधी सांगावे. देखरेखीचा अलार्म असल्यास केंद्राला आधी कळवावे, नाहीतर तीही खोटी खबर होईल.

५. अलार्म लावण्याचा कोड प्रत्येक नोकराला वेगळा द्यावा. नोकर काम सोडून गेला की त्याच दिवशी कोड रद्द करावा. यात कोणावर संशय घेणे नाही. उलट यामुळे निर्दोष नोकर आळापासून वाचतो.

६. कॅमेरा म्हणजे अलार्म नव्हे. कॅमेरा बहुधा झालेली चोरी दाखवतो, अलार्म होत असलेली चोरी थांबवू शकतो. कॅमेऱ्याचा डीव्हीआर गल्ल्याजवळ ठेवू नये, चोर तोही नेतात. आणि कॅमेऱ्याचे तोंड शेजाऱ्याच्या अंगणाकडे वा खिडकीकडे नसावे. दुसऱ्याची टेहळणी करण्यास आपल्या दीनने मनाई केली आहे.

दुकान फक्त रात्रीच रिकामे असते असे नाही. जुम्याची नमाज, रमजानमध्ये इफ्तार व तरावीह, घरचे लग्न, उमराहचा सफर, या वेळाही ठरलेल्या असतात आणि सर्वांना माहीत असतात. दहा मिनिटांसाठी काय लावायचे, असे म्हणून अलार्म तसाच सोडू नये.

चार माणसांची यादी

देखरेख केंद्राचे काम फोन करण्याचे आहे. म्हसावदला धावत येण्याचे नाही. ते माणूस येथलाच असणार. म्हणून कंपनी घ्या वा न घ्या, चार नावांची यादी करावी: घरातील एक, शेजारचा दुकानदार, त्याच गल्लीत राहणारा एक, आणि गावाबाहेर असताना चावी जवळ असणारा एक. त्यांना विचारूनच त्यांची नावे द्यावीत. शेजारचा दुकानदार कोणत्या धर्माचा वा जातीचा हे पाहू नये. शेजाऱ्याचा हक्क मोठा आहे आणि मध्यरात्री आवाज त्यालाच आधी ऐकू येतो. त्याचा अलार्म वाजला तर आपण उठू, असा करार दोन्ही बाजूंनी असावा. आमच्या ओळीतील पाच दुकानदारांनी आता असाच करार केला आहे.

एकट्याने आत जाऊ नये. चोर आत असू शकतो; माल परत येईल, जीव येणार नाही. लांब उभे राहून दिवे लावावेत, लोक जमवावेत आणि ११२ वर फोन करावा. पोलीस ठाण्याचा व पोलीस पाटलांचा नंबर शटरच्या आत लिहून न ठेवता मोबाईलमध्ये ठेवावा.

पुणे, नाशिक, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील अनेक गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा वापरली जाते. नोंदणी केलेल्या गावकऱ्याने एका टोल फ्री नंबरवर फोन करून संकट सांगितले की त्याच्याच आवाजातील संदेश गावातील सर्व नोंदलेल्या फोनवर एकाच वेळी पोहोचतो. चोरी, आग, बिबट्या, पूर, सर्वांसाठी ती उपयोगी पडते. आपल्या गावातील व्यापाऱ्यांनी ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याकडे अशा व्यवस्थेची मागणी करावी. एकट्या दुकानाच्या अलार्मपेक्षा गावाचे कान मोठे असतात.

कंपनीची सेवा घेत असाल तर करार वाचून सही करावी. खबर आल्यावर किती वेळात फोन करणार, यंत्राचा संपर्क तुटला तर आपल्याला कळवणार का, दुरुस्तीस कोठून माणूस येणार, हे लेखी घ्यावे. कंपनी पहारेकरीही देत असेल तर २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालील परवाना पाहावा.

चोरी झालीच तर

कशालाही हात लावू नये. बोटांचे ठसे जातात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यावी. घरफोडीचा विमा असल्यास जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा, खरेदीची बिले आणि स्टॉकची वही यांची गरज पडते. बसवलेला अलार्म चालू असावा अशीही अट काही पॉलिसींत असते. विमा घ्यावा की नाही या मसल्यात आपण आपल्या आलिमांना विचारावे. परंतु स्टॉकची वही लिहिण्यात कोणाचाच इख्तिलाफ नाही. तिची एक नक्कल घरी ठेवावी.

तदबीर आणि तवक्कुल

काही बांधव म्हणतात, हिफाजत करणारा अल्लाह आहे, यंत्राची काय गरज? हिफाजत करणारा तोच आहे, यात शंका नाही. पण आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, अशी शिकवण आपल्या नबी (स.) यांची आहे. सूरह हुजुरातमध्ये आलेल्या खबरीची तहकीक करण्याचा हुकूम आहे. अलार्म हीही एक खबरच आहे. तिची तहकीक करणारा माणूस नेमला नसेल तर ती खबर हवेत विरते.

आणि दुकानात फक्त आपला माल नसतो. शिंप्याकडे लोकांचे कपडे असतात, सोनाराकडे मोडीचे दागिने, घड्याळजीकडे लोकांची घड्याळे, आमच्याकडे बस्ते. आपल्या मालाबाबत गफलत केली तर नुकसान आपले. लोकांच्या मालाबाबत केली तर जबाब द्यावा लागतो.

आज रात्री दुकान बंद करताना प्रत्येकाने एवढेच करावे. सिम चालू आहे का ते पाहावे, आणि शेजाऱ्याला विचारावे, "आमचा अलार्म वाजला तर तुम्ही उठाल ना?" तो हो म्हणाला तर अलार्म खऱ्या अर्थाने चालू झाला.

अल्लाह आपणा सर्वांच्या जान-मालाची व आपल्याकडील अमानतींची हिफाजत करो. आमीन.