रक्तप्रवाह खंडित झाल्यानंतरचे मूत्रपिंड

माणसाची दोन्ही मूत्रपिंडे मिळून शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतात. तथापि विश्रांतीच्या अवस्थेत हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला साधारणपणे एक लिटर रक्त, त्यांच्याकडे जाते. हा पुरवठा मूत्रपिंडाच्या पोषणापुरता नसून रक्त गाळण्याच्या कार्यासाठी असतो. म्हणूनच त्याची वाटणी विषम आहे.

मूत्रपिंड उभे चिरले असता त्याचे दोन भाग स्पष्ट दिसतात : बाहेरचे बाह्यक आणि आतले मध्यक. रक्त गाळणारे केशिकागुच्छ बाह्यकात असल्याने सुमारे नव्वद टक्के रक्त तेथेच खेळते. मध्यकाच्या वाट्याला उरलेले थोडे रक्त येते. तेथील रक्तवाहिन्या केसातील आकड्याप्रमाणे खाली जाऊन पुन्हा वर वळतात. त्यांच्या दोन्ही बाजू एकमेकींस लागून असल्यामुळे उतरत्या रक्तातील बराचसा ऑक्सिजन तळाशी पोहोचण्यापूर्वीच चढत्या रक्तात निसटतो. बाह्यकात ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या सुमारे ५० मिलिमीटर असतो; मध्यकात तो १० ते २० इतकाच आढळतो. मूत्र संहत करण्यासाठी ही मंद गती आवश्यकच आहे, कारण प्रवाह वेगवान झाला तर मध्यकात साठविलेले क्षार वाहून जातील. परंतु त्याच भागातील नलिका क्षार खेचण्याचे कष्टाचे काम अहोरात्र करीत असतात. अशा रीतीने मध्यक निरोगी अवस्थेतही टंचाईच्या काठावर जगते.

रोहिणी चिमटली गेली, अतिरक्तस्राव झाला किंवा रक्तदाब फार खाली गेला, तर काय होते? १९४१ साली बायवॉटर्स व बील यांनी लंडनवरील बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या रुग्णांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे नोंदविले. ऑक्सफर्ड येथे जोसेप त्रुएता व त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांवर प्रयोग करून १९४७ साली असे प्रतिपादन केले की, आघातानंतर रक्त बाह्यकास वगळून मध्यकातून वळविले जाते. हे स्पष्टीकरण मानवी रोगास जसेच्या तसे लागू पडले नाही. पण मूत्रपिंडाचा एकूण प्रवाह मोजणे पुरेसे नाही, त्याची अंतर्गत वाटणीही पाहिली पाहिजे, हा विचार त्यातून रुजला.

पुढील प्रयोगांत निराळे चित्र दिसले. रोहिणीवरील चिमटा काढल्यावर रक्त परत येते, परंतु सर्वत्र सारखे येत नाही. बाह्यकाचा प्रवाह बऱ्याच अंशी सावरतो. मध्यकाच्या बाहेरच्या पट्ट्यात मात्र तो दीर्घकाळ क्षीण राहतो. याची कारणे अनेक आहेत. ऑक्सिजनअभावी वाहिन्यांचे अस्तर सुजते व वाट अरुंद होते. तांबड्या रक्तपेशी तेथे दाटीने अडकतात. वाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो आणि त्यांना आवळणारी द्रव्ये वरचढ ठरतात. शिवाय परतलेल्या रक्तातील ऑक्सिजनपासून काही उग्र रेणू निर्माण होऊन पेशींची आणखी हानी करतात. म्हणजे मोठा कालवा पुन्हा वाहू लागला, तरी टोकाचे शेत कोरडेच राहावे, तसा हा प्रकार आहे.

या ज्ञानाचे व्यावहारिक मोल मोठे आहे. शरीराच्या उष्णतामानात मूत्रपिंड सुमारे अर्ध्या तासाचा खंड सामान्यतः सोसू शकते. ते थंड द्रावाने धुऊन ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवले, तर पेशींची गरजच मंदावते आणि ही मुदत अनेक तासांपर्यंत वाढते. मूत्रपिंडरोपणाची शस्त्रक्रिया याच तत्त्वावर उभी आहे. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली असे रोपण यशस्वी झाले. रोपित मूत्रपिंड कधीकधी काही दिवस मूत्र तयार करीत नाही, त्याचेही एक प्रमुख कारण हाच खंड होय.

परंतु खंड केवळ शस्त्रक्रियागृहातच पडतो असे नाही. तीव्र अतिसारात शरीरातील पाणी व क्षार घटले की मूत्रपिंडाचा प्रवाह आटतो. अशा वेळी घेतलेली काही वेदनाशामके मध्यकातील वाहिन्या खुल्या ठेवणारी द्रव्येच बंद पाडतात. पाणी व क्षार वेळीच भरून काढले, तर मूत्रपिंड बहुधा पूर्ववत होते. विलंब झाल्यास नलिकांच्या पेशी मरतात. त्या नव्याने वाढू शकतात, पण त्यास काही आठवडे लागतात, आणि तोवर रुग्णास कृत्रिम मूत्रपिंडाचा आधार द्यावा लागण्याचा संभव असतो.