भिंत उघडी आहे तोवर

मिरज,
अक्षय्य तृतीया

चि. सई,

सांगलीच्या गावभागातल्या घराचा गिलावा उतरवलाय आणि दिवाळीला विजेवरची गाडी घ्यायची म्हणताय, असं तुझ्या आईनं सांगितलं. म्हणून लगेच लिहायला बसलो. आज झिरी मारून पाइप टाकायला तासभर पुरतो. रंग झाल्यावर त्याच पाइपसाठी भिंत फोडावी लागेल.

वायरमनला बोलावण्याआधी दोन याद्या कर. वीज गेल्यावर कशावाचून अडतं ते एकीत, काय थांबू शकतं ते दुसरीत. आजीचं नेब्युलायझर, तिच्या इन्सुलिनचा फ्रिज, पंखे, जिन्यातला दिवा पहिल्या यादीत. गिझर, एसी, मोटार दुसरीत. आणि गाडीही दुसरीतच. इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत जेमतेम पावणेदोन युनिट वीज मावते, त्यातली वापरायला मिळते एक-सव्वा. गाडीच्या बॅटरीला तीस युनिट लागतात. तेव्हा चार्जरची लाइन इन्व्हर्टरवर कधीही घेऊ नकोस. फ्रिज धरायचा तर इन्व्हर्टर दोन बॅटऱ्यांचा घे. त्याच्या लाइनची न्यूट्रल पहिल्यापासून वेगळी ओढून घे, नाहीतर गळती दिसताच वीज तोडणारी आरसीसीबी सारखी पडत राहील.

तुमची धाव रोजची चाळीस किलोमीटर, म्हणजे सहा-सात युनिट. ३.३ किलोवॅटचा चार्जर ती दोन-अडीच तासांत भरून देतो, तेव्हा मोठ्या चार्जरची घाई नको. वायर मात्र आत्ताच मोठी टाक. पुढे ७.२ किलोवॅटचा चार्जर आला तर तो ३१-३२ अँपिअर ओढेल, आणि तेही तासन्‌तास. डीबीपासून, म्हणजे मुख्य स्विचपेटीपासून, थेट सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, अंतर जास्त असेल तर दहाची. मध्ये जोड नको आणि त्या लाइनवर दुसरा पॉइंट नको. स्वतंत्र एमसीबी, ३० मिलीअँपिअरची ‘ए’ टाइप आरसीसीबी आणि मोजून घेतलेलं चांगलं अर्थिंग, यांत काटकसर करू नकोस. बिलावरचा मंजूर भारही बघ. गिझर, एसी आणि गाडी एकदम चालणार असतील तर महावितरणकडे भार वाढवून घे.

गच्चीपर्यंत एक रिकामा पाइप सोड. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. पण एवढं ध्यानात ठेव, की बॅटरी नसलेलं साधं सोलर लाइट गेली की उन्हातही बंद पडतं. ते मुद्दाम तसं केलेलं असतं, खांबावर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी. मी नोकरीत असताना लाइन बंद करून आम्ही खांबावर चढलो होतो. कुणीतरी घरच्या जनरेटरची वायर थेट सॉकेटमध्ये खुपसली होती. ती वीज उलटी बंद लाइनवर आली आणि माझ्या जोडीदाराचा हात मनगटापर्यंत भाजला. गाडीतूनही हल्ली वीज बाहेर घेता येते. ती फ्रिजला एक्स्टेंशनने थेट दे, घराच्या सॉकेटमध्ये कधीही घालू नकोस. जनरेटर लावायचाच असेल तर आधी चेंजओव्हर स्विच बसव.

आता पाण्याचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांपुढे गेली, तेव्हा आपल्या ओसरीत कमरेच्या वर पाणी होतं. मीटर बुडालं आणि पाणी ओसरल्यावरही कित्येक दिवस अंधार होता. म्हणून डीबी आणि बॅटऱ्या माडीवर घे. बॅटऱ्यांच्या खोलीला खिडकी हवी. चार्जर ओसरीतच राहील, पण भिंतीवरच्या पुराच्या खुणेच्या वर, आणि त्याची एमसीबी माडीवर, म्हणजे कोरड्या हातानं, कोरड्या जमिनीवर उभं राहून बंद करता येईल. पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याला टेकली की गाडी पूर्ण चार्ज करून उंचावर नेऊन ठेव. धोक्याच्या ४५ फुटांची वाट बघू नकोस.

झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढ. रविवारी वायरचं इन्सुलेशन मोजायचा मेगर आणि अर्थ टेस्टर घेऊन येतो. वायर, अर्थिंग सगळं मोजू, मगच गवंड्याला हो म्हण. ओसरीतली पुराची ओळ मात्र रंगाखाली जाऊ देऊ नकोस. चार्जर किती उंचीवर लावायचा, ते तीच सांगेल.

तुझा,
अण्णाकाका