नकोसे केस : मुलीची अडचण आणि आईची जबाबदारी

मुलगी वयात येऊ लागली की तिच्या शरीरात होणाऱ्या अनेक बदलांपैकी एका बदलाविषयी आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही. ओठांवर दाट होणारी लव, हनुवटीवरील राठ केस, हातापायांवरील काळे केस. वर्गातील मुली 'मिशी आली' म्हणून हसतात आणि लग्नकार्यात एखादी फुफी किंवा खाला चारचौघींत तेच बोलून जाते. मुलगी आरशासमोर रडते, कधी भावाचे रेझर गुपचूप वापरते. अशा वेळी आईने "अल्लाहने जसे घडविले तसेच राहावे" एवढे म्हणून विषय संपविला, तर ते उत्तर अपुरे तर आहेच, शिवाय शरीअतच्या दृष्टीनेही अचूक नाही.

माननीय अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिच्यात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी काखेतील व नाभीखालील केस काढणे हे मानवी फितरतचे, म्हणजे निसर्गदत्त स्वभावाचे अंग म्हटले आहे. माननीय अनस (रजि.) यांच्या कथनानुसार यासाठी चाळीस दिवसांची कमाल मर्यादा आहे. म्हणजे वयात आलेल्या मुलीला ही स्वच्छता शिकविणे हा लाजेचा नव्हे, तर तहारतच्या शिक्षणाचाच विषय होय. मदीनेच्या अन्सारी स्त्रिया पाकीविषयीचे अत्यंत नाजूक प्रश्न विचारीत असत, त्यांच्या लज्जेने त्यांना धर्मज्ञानापासून रोखले नाही, म्हणून माननीय आयशा (रजि.) त्यांची प्रशंसा करीत.

हातापायांवरील केसांविषयी कुरआन व हदीसमध्ये आज्ञाही नाही, मनाईही नाही. अशा बाबतीत मूळ नियम वैधतेचा असल्याने मुलीची इच्छा असेल तर ते काढण्यास हरकत नाही, आणि नसेल तर ठेवण्यासही नाही.

खरा गोंधळ चेहऱ्याविषयी होतो. सौंदर्यासाठी चेहऱ्यावरील केस उपटून अल्लाहच्या रचनेत बदल करणाऱ्या स्त्रियांची कठोर निंदा माननीय अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या हदीसमध्ये आली आहे. इमाम अबू दाऊद यांनी त्या शब्दाचा अर्थ भुवया कोरून बारीक करणारी स्त्री असा दिला आहे. म्हणून मैत्रिणींच्या भुवया पाहून आपल्याही तशाच कोरून घेण्याचा हट्ट मुलीने धरला, तर आईने प्रेमाने पण स्पष्टपणे नकार द्यावा. परंतु स्त्रीच्या चेहऱ्यावर दाढी किंवा मिशी उगवणे ही निराळी गोष्ट आहे. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई मतप्रणालीचे, तर उर्वरित महाराष्ट्रात हनफी मतप्रणालीचे प्राबल्य. आणि या प्रश्नावर शाफई इमाम नववी व हनफी विद्वान इब्ने आबिदीन या दोघांच्याही ग्रंथांत असे केस काढणे निषिद्ध नसून पसंतीचे (मुस्तहब) असल्याचे मत आढळते. इमाम तबरी यांचे मत याहून कडक होते, हेही खरे. तरीही ओठांवरील लवेमुळे शाळेत जाण्यास कचरणाऱ्या मुलीला ही सवलत नाकारण्याचे कारण दिसत नाही.

आता पद्धतीविषयी. रेझरने केस काढल्यास ते दाट उगवतात हा समज चुकीचा आहे. पात्याने केसाचे टोक बोथट होते, म्हणून नवा केस राठ वाटतो, एवढेच. रेझर प्रत्येकीचे स्वतंत्र असावे, कारण पात्यावरील रक्ताच्या अंशातून काविळीसारखे संसर्ग पसरू शकतात. केस काढण्याचे क्रीम किंवा ब्लीच प्रथम हाताच्या छोट्या भागावर लावून एक दिवस थांबावे. अंगावर क्रीम, वर्तमानपत्रात जाहिरात, आणि दुसऱ्या दिवशी लाल चट्टे, हे प्रकार नेहमीचे आहेत. वॅक्सिंगनंतर त्वचेवर मेणाचा थर राहिला तर त्याखाली पाणी पोहोचत नाही. वुजू व गुस्लपूर्वी तो पूर्ण काढावा. पार्लरमध्ये नाभीपासून गुडघ्यापर्यंतचा भाग स्त्रीसमोरही उघडता येत नाही, हे मुलीला आधीच सांगून ठेवावे.

लेसरचा आग्रह हल्ली लहान वयातच धरला जातो. सावळ्या त्वचेवर चुकीच्या हाताने लेसर वापरल्यास भाजल्याचे डाग पडू शकतात आणि चेहऱ्यावर कधी उलट अधिक केस येतात. त्वचारोगतज्ज्ञ स्त्री डॉक्टरकडेच, तेही मूळ कारण तपासल्यावर, हा विचार करावा.

कारण पुष्कळदा आनुवंशिक असते. आई, आजी, खाला यांच्याकडे पाहिले की समजते. पण हनुवटी, छाती व पोटावर राठ केस, त्यासोबत चेहऱ्यावर हट्टी मुरुमे, वाढते वजन, मानेवर मखमलीसारखा काळपटपणा आणि अनियमित पाळी असेल, तर तो पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार असू शकतो. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ती थोडी मागेपुढे होते, मात्र दोन पाळ्यांत तीन महिन्यांहून अधिक अंतर पडल्यास थांबू नये. केस काही आठवड्यांतच झपाट्याने वाढले व आवाजही घोगरा होऊ लागला, तर लगेच डॉक्टरकडे जावे. "लग्नानंतर सगळे ठीक होईल" हा सल्ला देणाऱ्या वडीलधाऱ्यांचा मान राखावा. सल्ला मात्र ऐकू नये.

आणि ती फुफी? सूरह अल्-हुजुरातमध्ये स्त्रियांनी स्त्रियांची थट्टा करू नये व वाईट नावे ठेवू नयेत, असे स्पष्ट बजावले आहे. ही आयत मुलीला ऐकविण्यापेक्षा थट्टा करणाऱ्यांना, शक्य तर मुलीच्या देखतच, पण अदबीने ऐकवावी. उपचार सुरू झाल्यावरही केसांवर परिणाम दिसायला साधारण सहा महिने लागतात. तोवर ओठांवर दोरा फिरविणे किंवा रेझर वापरणे चालू ठेवता येते, आणि औषध मध्येच बंद करू नये.