मुलाखतीत लग्नाची चौकशी

प्रश्न : माझ्याकडे व्यावसायिक वैमानिक परवाना आहे. मुलाखतीत ‘लग्न कधी करणार?’ असं विचारलं. निवड झाली नाही. खासगी कंपनीला सगळं माफ असतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, ताई. घटनेचं सोळावं कलम सरकारी नोकरीपुरतं आहे खरं. पण भरतीतल्या लिंगभेदाला १९७६च्या समान वेतन कायद्यानेच मनाई केली, खासगी कंपन्यांनाही. ती तरतूद आता २०१९च्या वेतन संहितेत आहे. प्रश्न, तारीख आजच लिहून ठेवा. ईमेलने निवडीचे निकष विचारा. दाद न मिळाल्यास केंद्रीय कामगार आयुक्तांकडे तक्रार करता येते. मात्र एवढ्या एका आगाऊ प्रश्नावरून भेदभाव सिद्ध होणं अवघड. निवडीत सिम्युलेटर चाचणीही मोजली जाते. गरोदरपणातले उड्डाण-निर्बंध वैद्यकीय असतात, ते भेदभावात धरू नका. दुसरीकडचे अर्ज चालू ठेवा.