माझी वीत, तुझी वीत

वर्धा जिल्ह्यातलं एक लहान गाव. गावात कपाशी होते, तूर होते. तिथली एक बाई संध्याकाळच्या वर्गात लिहा-वाचायला शिकली. तिला अक्षरं जुळवता येऊ लागली. पण मनातली भीती गेली नव्हती. तिची लेक पाच वर्षांची. लेक काही विचारायची. मग ही म्हणायची, "जाय, बाईले विचार. मले कुठं येते?"

एके दिवशी तिनं वर्गातून चित्रांचं पुस्तक घरी आणलं. मायलेकी ओसरीवर बसल्या. एका पानावर हत्ती होता. समोरच्या पानावर मुंगी होती. दोन्ही चित्रं सारखीच मोठी.

लेक म्हणाली, "माय, मुंगी हत्तीएवढी असते काय?"

"बाईले विचार," हे शब्द आईच्या ओठावर आले होते. पण ती थांबली. हे तर आपल्याला येतं! तिनं लेकीला भिंतीजवळ नेलं. भिंतीवर मुंग्यांची रांग चालली होती.

"पाय, केवढी आहे?"

"तिळाएवढी."

"आन् हत्ती आपल्या बैलाहून मोठा असते. पुस्तकाचं पान लहान. म्हणून हत्तीले लहान काढलं. मुंगी दिसत नाही, म्हणून तिले मोठं काढलं."

लेकीला पटलं. खरं माप पुस्तकात नसतं. ते घरात, अंगणात, शेतात असतं. चित्रानं प्रश्न उभा केला. उत्तर भिंतीवर सापडलं.

राजाचं पाऊल

मुलांच्या चित्रपुस्तकांत मापाच्या गोष्टीही असतात. अमेरिकेत रॉल्फ मायलर यांनी १९६२ साली असं एक पुस्तक काढलं. त्यातली गोष्ट अशी.

एका राजाला राणीसाठी पलंग करायचा होता. राजानं स्वतःच्या पावलांनी माप घेतलं. लांबी सहा पावलं, रुंदी तीन पावलं. निरोप सुताराच्या शागिर्दाकडे गेला. शागिर्द लहानखुरा होता. त्यानं आपली सहा पावलं मोजली आणि पलंग केला. पलंग आखूड पडला. राजा रागावला. शागिर्द तुरुंगात गेला. तिथं त्यानं विचार केला. मग त्याला चूक कळली. राजाचं पाऊल मोठं, आपलं पाऊल लहान! मग राजाच्या पावलाचा दगडी नमुना केला. त्या मापानं पलंग बरोबर झाला.

शागिर्दाची मोजणी चुकली नव्हती. त्याचं माप वेगळं होतं.

ओसरीवरची बाज

आईनं ही गोष्ट वर्गात ऐकली होती. तिनं ती लेकीला सांगितली. मग म्हणाली, "आपण आपली बाज मोजू. आत्याबाई, तुमी पण या जी."

आजीनं विती टाकल्या. नऊ भरल्या. लेकीनं आपल्या चिमुकल्या विती टाकल्या. आईनं मोजायला मदत केली. चौदा भरल्या.

लेक ओरडली, "आजी, तुही वीत खोटी!"

आजी हसली. "खोटी कायले? हात जोडून पाय." दोघींनी हात जोडले. लेकीची बोटं आजीच्या बोटांच्या मधल्या पेराशी थांबली.

आई म्हणाली, "दोघी खऱ्या. बाज तेवढीच आहे. वीत लहान, तर जास्त वेळा टाकावी लागते. वीत मोठी, तर कमी वेळा."

मग आईनं पऱ्हाटीची एक काडी तोडली. आजीनं त्या काडीनं बाज मोजली. बारा काड्या. लेकीनं मोजली. अकरा भरल्या! पुन्हा घोटाळा झाला. आईनं नीट पाहिलं. लेक काडी उचलून जरा पुढं ठेवत होती. मध्ये जागा सुटत होती. आईनं कोळशानं खूण करायला शिकवलं. काडी जिथं संपली, तिथं खूण. त्याच खुणेवर पुढची काडी. आता लेकीच्याही बारा भरल्या.

लेकीनं टाळी वाजवली. आईच्या मनातली भीती त्या दिवशी बरीच गेली.

वर्ध्याला हे नवं नाही

हातानं काम करता करता शिकावं, हा विचार वर्ध्यातूनच देशभर गेला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. पुढं डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं शिक्षणाची योजना केली. तिला नई तालीम म्हणतात. आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्यानं सेवाग्रामला हे काम चालवलं.

तिथली मुलं सूत कातत. कातलेलं सूत मोजावं लागे. चार फूट सूत म्हणजे एक तार. १६० तार म्हणजे एक लटी. चार लट्या म्हणजे एक गुंडी. म्हणजे गुंडीत ६४० तार. लांबी किती? ६४० गुणिले ४, म्हणजे २५६० फूट. मुलांच्या हातात सूत असे आणि त्यातूनच हिशेब येई. प्रत्येकाची तार चार फुटांचीच. म्हणून एकाचं सूत दुसऱ्याच्या सुताशी ताडून पाहता येई.

बाजारातही असंच हवं. पूर्वी हात, गज, वार अशी मापं होती. हात तर माणसागणिक वेगळा. १९५६ साली सरकारनं मापांचा कायदा केला. १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान मापं टप्प्याटप्प्यानं आली. आता कापड मीटरवर मिळतं. एका मीटरचे १०० सेंटिमीटर. वर्ध्याचा मीटर आणि मुंबईचा मीटर एकच.

आपण घरी काय करावं?

१. पुस्तकातलं चित्र आधी मुलाला पाहू द्यावं. लगेच वाचायची घाई करू नये. आपलं वाचन सावकाश असलं तरी चालतं.

२. तीन-चार वर्षांच्या मुलाला विचारावं, "कोणतं लांब? कोणतं आखूड?" दोन काड्या ताडून पाहायला द्याव्या. काड्यांची खालची टोकं एका रेषेत ठेवावी. नाही तर आखूड काडीही लांब दिसते.

३. पाच-सहा वर्षांच्या मुलाला वीत, पाऊल, काडी यांनी मोजू द्यावं. मोजण्याआधी विचारावं, "किती भरतील?"

४. मोजताना माप बदलू नये. मध्ये जागा सोडू नये. एकावर एक चढवू नये.

५. मग पट्टी द्यावी. पट्टीवर शून्याची रेघ कुठं आहे, ते दाखवावं. मोजणी शून्यापासून होते, एकापासून नाही.

६. मूल चुकलं तर रागावू नये. "पुन्हा मोजून पाहू," असं म्हणावं.

पुढच्या बाजारात मायलेकी कापडाच्या दुकानात गेल्या. दुकानदारानं लोखंडी मीटर काढला. लेक टाचा उंचावून पाहू लागली. ती म्हणाली, "माय, हे सगळ्याइची काडी व्हय ना?"

आई म्हणाली, "हो, सगळ्याइची." मग तिनं स्वतः मीटरवरचे आकडे वाचले आणि दोन मीटर कापड नीट मोजून घेतलं.

प्रश्न

१. आजीच्या नऊ विती आणि लेकीच्या चौदा विती कशा भरल्या?
२. काडीनं मोजताना लेकीचं काय चुकलं?
३. एका गुंडीत किती तार?

करून पाहा

घरातलं दार आपल्या वितीनं मोजा. मग मुलाला त्याच्या वितीनं मोजायला सांगा. दोन्ही आकडे भिंतीवर लिहा. फरक का पडला, ते मुलालाच सांगू द्या.