झिदानची धडक खाणारा बालेवाडीत?

प्रश्न : २००६ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये झिदानने ज्याच्या छातीत डोकं हाणलं, तो इटालियन खेळाडू पुढे पुण्यात येऊन गेला, असं मित्र छातीठोकपणे सांगतो. थाप आहे ना?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : थाप नाही, मित्राला चहा पाजा. त्याचं नाव मार्को मातेराझी. पुण्याची गोष्ट शेवटी सांगतो, कारण या माणसाला केवळ त्या धडकेपुरतं ओळखणं अन्यायाचं आहे.

जन्म १९७३ चा, इटलीच्या दक्षिणेकडल्या लेच्चे गावचा. वडील जुझेप्पे स्वतः खेळाडू, पुढे प्रशिक्षक. तरी मुलाला वशिल्याने काही मिळालं नाही. मार्साला, त्रापानी असल्या आडगावच्या क्लबांतून तो वर आला. मधे इंग्लंडमध्ये एव्हर्टनकडे एक मोसम खेळला आणि लाल कार्डांमुळेच जास्त लक्षात राहिला. मग इटलीतल्या पेरुजा क्लबात परतून २०००-०१ च्या मोसमात या बचावपटूने चक्क १२ गोल केले! पेनल्टी आणि फ्री किक तोच मारायचा, हे त्यामागचं गुपित. त्या जोरावर इंटर मिलानने त्याला उचललं आणि पुढची दहा वर्षं तो तिथेच राहिला.

२००६ च्या इटलीच्या संघात तो खरं तर राखीव. बचावपटू नेस्ता जखमी झाला म्हणून चेक प्रजासत्ताकाविरुद्ध मैदानात उतरला आणि थोड्याच वेळात हेडरने गोल करून मोकळा झाला. पुढे ऑस्ट्रेलियाविरुद्ध लाल कार्ड. बर्लिनच्या फायनलमध्ये तर सगळा मसाला एकाच सामन्यात. सातव्या मिनिटाला त्याच्याच फाउलमुळे फ्रान्सला पेनल्टी मिळाली आणि झिदानने गोल केला. एकोणिसाव्या मिनिटाला पिर्लोच्या कॉर्नरवर उंच उडी घेऊन त्यानेच बरोबरी साधली. ११० व्या मिनिटाला ती धडक. शूटआउटमध्ये त्याची पेनल्टी आत गेली आणि इटली जिंकली. देशासाठी ४१ सामन्यांत त्याचे गोल दोनच, आणि दोन्ही याच स्पर्धेतले.

तो बोलला काय होता? झिदानच्या बहिणीवरून काहीतरी घाण, हे त्याने नंतर कबूल केलं. फिफाने त्यालाही दोन सामन्यांची बंदी घातली. माझ्या मते कमीच झाली, पण असो.

आता पुणं. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगच्या चेन्नईयिन संघाचा तो खेळाडू-प्रशिक्षक झाला. ज्याच्या जागी वर्ल्ड कप खेळला, त्या नेस्तालाही त्याने काही सामन्यांसाठी चेन्नईला आणलं. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईत महापूर आला आणि संघाचा कोलकात्याविरुद्धचा घरचा उपांत्य सामना आपल्या बालेवाडीत हलवावा लागला. तो चेन्नईयिनने ३-० जिंकला.

फायनल मडगावात, फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवाशी. ८७ व्या मिनिटाला गोवा २-१ पुढे. फातोर्डा नुसतं दणाणत असणार! पण ९० व्या मिनिटाला गोव्याच्या गोलरक्षकाकडूनच स्वयंगोल झाला आणि इंज्युरी टाइममध्ये चेन्नईयिनच्या मेंडोझाने तिसरा मारून सामना ३-२ असा जिंकून दिला. गोव्याचे प्रशिक्षक होते ब्राझीलचे झिको. १९८२ च्या वर्ल्ड कपमध्ये ते खेळत असलेल्या ब्राझीलला बार्सिलोनात घरी पाठवलं होतं तेही इटलीनेच. तेव्हाचा स्कोअरही ३-२.